आम्ही स्टे आणलाय

माझ्या डाव्या कानात अजून मधूनच शिट्टी वाजते. कानाचे डॉक्टर म्हणतात, पडदा फाटून परत जुळलाय, एवढं चालायचंच. पडदा फाटला तो दाजींच्या हाताने, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. तो 'आम्ही' या शब्दाने फाटला. दाजींचा हात फक्त निमित्ताला.

मी औषध कंपनीचा एमआर. म्हणजे टाय, काळी बॅग, मोटारसायकल आणि दवाखान्याबाहेरचा बाक. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत माझी हद्द. पेशंटांच्या रांगेच्या शेवटी बसायचं, रांग संपली की आत शिरायचं आणि डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत कंपनीचे गोडवे गाऊन मोकळं व्हायचं. आमची कंपनी परदेशी. तिचं एक इंजेक्शन होतं, स्तनाच्या कॅन्सरवरचं. हे औषध गोळ्यांसारखं रसायनात रसायन मिसळून होत नाही. जिवंत पेशी मोठ्या टाक्यांत वाढवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, आणि त्या जे स्रवतील ते गाळून, शुद्ध करून बाटलीत भरायचं. मी डॉक्टरांना सांगताना 'पेशींची धार काढतात' असं म्हणायचो. हसताना एका डॉक्टरीणबाईंच्या नाकातून चहा आला, पण मला तो माझ्या वक्तृत्वाचा विजय वाटला.

या औषधावर कंपनीचं पेटंट होतं. वीस वर्षं दुसऱ्या कुणी ते करायचं नाही, विकायचं नाही. ती वीस वर्षं संपत आली होती, आणि तेवढ्यात आपल्याकडच्याच एका कंपनीने तसंच औषध तयार केलं. 'तेच' नव्हे, 'तसंच'. कारण जिवंत वस्तूने केलेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल होत नाही, म्हणून त्याला बायोसिमिलर म्हणायचं. त्यांच्या चाचण्या झाल्या, सरकारी परवानगी मिळाली, बाटल्या भरून खोक्यांत बसल्या. आणि आमच्या कंपनीने दिल्लीच्या कोर्टातून विक्रीवर स्टे आणला. पेटंट संपेपर्यंत एक बाटली बाहेर पडता कामा नये.

ही बातमी आम्हाला महामार्गावरच्या एका हॉटेलात, पनीरच्या जेवणाआधी सांगितली गेली. आमच्या साहेबांनी ती गड जिंकल्यासारखी सांगितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शिट्टी वाजवली. कोर्ट मी आयुष्यात फक्त बाहेरून, तेही तिथल्या वडापावच्या गाड्यापुरतंच पाहिलेलं, पण त्या क्षणी मला मनापासून वाटलं की काळा कोट घालून मीच उभा होतो. हा एमआरचा आजार आहे. कंपनीची इमारत आमची, कंपनीचे शास्त्रज्ञ आमचे, संशोधन आमचं. नफा तेवढा त्यांचा.

आता 'स्टे' या शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या भागात हा शब्द पोराला अआइईच्या आधी कळतो. मी लहान असताना आमच्या रहिमतपूरच्या रानात चुलत्यांनी सामाईक विहिरीच्या पाइपलाइनवर स्टे आणला. माझ्या वडिलांनी चुलत्यांची मोटर उचलून विहिरीत टाकली. चुलते मोटर बघायला वाकले, तर वडिलांनी त्यांनाही मोटरीमागे पाठवलं. मग वडिलांनीच दोर सोडून त्यांना वर ओढायला घेतलं. चुलत्यांचं डोकं फुटलं होतं, डोळ्यांत रक्त उतरत होतं, आणि अर्ध्या विहिरीत लोंबकळतानाही त्यांनी वडिलांना आईवरून शिवी दिली. दोघांची आई एकच, पण वडिलांच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांनी दोर सोडला. चुलते दुसऱ्यांदा पडले तेव्हा हाताचं हाड मोडल्याचा आवाज काठावर ऐकू आला. ऊस वाळल्यावर मोडतो तसा.

सांगायचं हे की, स्टे कोर्ट देतं हे आमच्याकडे कुणी धरतच नाही. स्टे आणणारा आणतो. तो त्याच्या नावावर लागतो, आणि मारही त्याच्याच नावावर निघतो. हे सगळं डोळ्यांनी पाहून वाढलेला मी, हातात कोंबडी घेऊन लांडग्याच्या दारात उभा राहावं तसा, दाजींच्या दारात जत्रेला गेलो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. म्हसवडच्या अंगाला त्यांचं गाव. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं, आता थोडी शेतीही. दाजी स्वतः लष्करात हवालदार होऊन घरी आलेले. बोलणं कमी, हात मोठे. मला ते कायम 'पावनं' म्हणत. आमच्याकडे बायकोच्या भावाला मानाने तसंच म्हणतात, आणि मनातून कितीही राग आला तरी तो मान सोडत नाहीत.

आक्काची गाठ काढल्याचं मला फोनवर कळलं होतं. सांगलीला ऑपरेशन झालं, आता औषधं चालू आहेत, असं ती म्हणाली. मी 'काळजी घे' म्हणालो आणि जत्रेला बोकड आहे का ते विचारलं. कसली गाठ, कुठली औषधं, हे मी विचारलं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच विकणारा माणूस मी. पण पेशंट म्हणजे रांगेत माझ्या पुढे बसलेली माणसं, त्यांत आक्का कशी असेल? जत्रेच्या दिवशी ती चुलीपाशी बसली होती. डोक्याला घट्ट रुमाल, भुवया गेलेल्या, नखं काळी पडलेली. हाताच्या शिरा केमोने जळून दोरीसारख्या कडक झालेल्या. मी म्हणालो, "आक्का, बारीक झालीस की. बरं दिसतंय." तिने माझ्याकडे बघितलं आणि परत भाकरी थापायला लागली.

मागच्या अंगणात दाजी बोकड तोडत होते. समोर बाभळीचा ओंडका, हातात सत्तूर. एका घावात हाड आणि दुसऱ्या घावात त्याचे तुकडे. भावकीतली माणसं भोवती बसली होती, आणि पाव्हणा म्हणून मला मधोमध खाट दिली होती. कुणीतरी नोकरी कशी चाललीय विचारलं. एवढं पुरे होतं. मी सुरू झालो. पेशींची धार झाली, टाक्या झाल्या, मग पेटंटवर आलो.

"पेटंट म्हंजे काय वो पावनं?" दाजींनी मान वर न करता विचारलं.

"बांध, दाजी. सरकारनं वीस वर्षांसाठी आखून दिलेला बांध. आतलं पीक आमचं. दुसऱ्याला तसलंच पीक घ्यायचं असलं तर त्यानं तोवर बांधावर बसायचं."

"आन् न्हाई बसला तर?"

"एक जण न्हाई बसला. माल करून ठेवला, निम्म्यापेक्षा कमी किमतीत देतो म्हणायला लागला. पण आम्ही स्टे आणलाय."

सत्तूर वरच्या वर थांबला. दाजींनी विचारलं, कुठल्या औषधावर. मी औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टरांसमोर घेतो तसा आवाज खाली घेऊन, शेवटचं अक्षर लांबवून.

"कुनी आनलाय म्हनलास?"

'पावनं' गेलं आणि 'म्हनलास' आलं, तेव्हाच मी खाटेवरून उठून रस्त्याला लागायला हवं होतं. पण मी पाय लांब केले आणि म्हणालो, "आम्हीच."

एक गोष्ट मात्र मान्य करतो. दाजींनी सत्तूर आधी खाली ठेवला. ओंडक्यात रोवला, हात धोतराला पुसला आणि मग मला वाजवली. शिस्तीतला माणूस. तो फटका कानावर बसला तेव्हा मला आवाज आलाच नाही. आवाज आत फुटला. मी खाटेवरून जो गेलो तो थेट बोकडाची आतडी ठेवलेल्या घमेल्यात. उठायला गेलो तर हात घसरला आणि दाजींची लाथ बरगडीत बसली. दुसरी लाथ पोटात. नाकातोंडातून येणारं रक्त माझं की बोकडाचं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. कुणी आडवं आलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं जमिनीचं काहीतरी आहे, आणि जमिनीच्या भांडणात मध्ये पडायचं नसतं.

दाजींचे एक म्हातारे चुलते तेवढे काठी टेकत आले. मला वाटलं सोडवायला आले. त्यांनी चौकशी केली, पाव्हण्यानं रानाच्या कुठल्या गटावर स्टे आणलाय. दाजी म्हणाले, "बहिनीच्या औषदावर आनलाय."  म्हाताऱ्याने काठी उलटी धरली आणि तिची मूठ माझ्या पाठीत अशी घातली की तेवढा एक वळ पुढच्या जत्रेपर्यंत निळा राहिला.

आक्का पिठाच्या हाताने धावत आली. तिने दाजींचा दंड धरला. "आवं, सोडा त्याला. त्याला कंपनीत कुत्रं इचारत न्हाई. त्यो निस्ती पिशवी वाहतोय."

"मग स्टे कुनी आनला? सोताच्या तोंडानं म्हनला की."

इथे मी गप्प बसलो असतो, किंवा आक्काचं खरं आहे म्हणालो असतो, तर ही हकीकत बरगड्यांवर संपली असती. पण सगळी भावकी बघत होती, आणि त्या दोन लाथांपेक्षा 'पिशवी वाहतोय' हे मला जास्त लागलं. घमेल्यात बसल्या बसल्या, गळ्यात बोकडाचं आतडं घेऊन, मी म्हणालो, "मी साहेबांशी बोलतो. स्टे उठवून देतो."

त्यानंतर मला ओसरीवर बसवलं, दाजींनी स्वतः तांब्या दिला आणि सगळं सांगितलं. आक्काची गाठ आमच्याच औषधाला दाद देणाऱ्या जातीची होती. दर तीन आठवड्यांनी एक, असं वर्षभर इंजेक्शन घ्यायचं. मध्ये खंड पडला तर रोग पुन्हा उसळी घेऊ शकतो. दाजींनी कळप विकून पहिली काही इंजेक्शनं भागवली होती. दारात आता फक्त मेंढरं कोंडायचा रिकामा वाडगा आणि लेंड्यांचा वास. सांगलीच्या डॉक्टरांनी धीर दिला होता, की दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध आता येईलच, तेवढं थांबू. ते आता येईना. का येईना हे डॉक्टरांनी समजावलं होतं, पण दाजींना त्यात कुणी माणूस दिसत नव्हता. मग मी आलो, आणि जत्रेत, सगळ्यांसमोर, तो माणूस मीच आहे असं सांगितलं.

"पुढची सुई चुकली तर," दाजी म्हणाले, "तुझं बोकाड करीन." 

साताऱ्यात साहेबांना भेटलो. माझा कान बोळ्याने बंद आणि डोळा वांग्यासारखा. गाडी घसरली असं सांगितलं. मग इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, की आपण तो स्टे काढून घेतला तर काय होईल. साहेबांनी माझ्याकडे, खुर्ची बोलली तर तिच्याकडे बघावं तसं बघितलं. मग त्यांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, मूळ पेटंट थोड्या महिन्यांत संपतंय, स्टेही त्याबरोबर जाईल. पण काळजी नको, आपल्याकडे आणखी पेटंटं आहेत. औषध कशात मिसळून ठेवायचं त्यावर एक, कातडीखाली कसं द्यायचं त्यावर एक. एक बांध संपला की त्याच्या आत दुसरा. मी 'वा' म्हणालो. सवयीने. मग गरीब पेशंटांना कंपनी काही इंजेक्शनं मोफत देते, त्याचं विचारलं. तर ती मदत ज्यांनी आधी ठराविक बाटल्या विकत घेतल्या त्यांनाच, आणि यंदाची संपली. साहेब म्हणाले, "तू बॅग सांभाळ." माझी बहीण आहे हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी बाटली मिळाली नसती, पण निदान लाज त्यांच्याकडे थोडी गेली असती.

मग एक मार्ग सापडला, तोही डॉक्टरांनीच सुचवला. औषधाची बाटली मोठी येते आणि आक्काचं वजन आता पोरीएवढं. तिला निम्मीच लागायची. उरलेलं औषध जपून ठेवलं तर दुसऱ्या बाईला देता येतं, पण ते मुदतीत वापरावं लागतं. हीच सुई लागणारी दुसरी बाई जवळपास असेल तर दोघींत एक बाटली. मी दहा दवाखान्यांचे बाक झिजवलेला माणूस. अशी बाई मला आठवड्यात सापडली. आमच्याच रहिमतपूरकडची, मुलाचा किराणा दुकानाचा धंदा. दोघी एकाच दिवशी सांगलीला यायच्या, शेजारच्या खाटांवर पडायच्या आणि एका बाटलीतलं औषध दोन पिशव्यांतून अंगात जायचं. आक्का तिला 'माझी सामाईकीन' म्हणायची. त्या काळात दाजींनी मला एकदा चहासुद्धा पाजला. स्टेचं काय झालं, असं मात्र प्रत्येक वेळी विचारायचे, आणि मी प्रत्येक वेळी सांगायचो की बोलणी चालू आहेत.

मग सामाईकीण यायची थांबली. रोग तिच्या डोक्यात गेला होता. घरच्यांनी तिला औषध बंद करून घरी नेलं, आणि तिथे तिने किती त्रासाने दिवस काढले ते तिच्या मुलाने मला दुकानाच्या दारात सांगितलं. शेवटी शेवटी ती भिंतीवर डोकं आपटायची, तर त्यांनी भिंतीला गाद्या बांधल्या होत्या. हे मी आक्काला सांगितलं नाही. पण पूर्ण बाटली आता आक्कावर आली, आणि पूर्ण बाटली दाजींना झेपणारी नव्हती. एक पाळी चुकली. दुसरी चुकली. दाजींचे फोन येत राहिले, आणि मी, वीर पुरुष, फोन उचलायचा बंद केला.

सांगलीत एका इस्पितळाबाहेर मी टाय नीट करत होतो. जीप येऊन उभी राहिली. दाजी उतरले, त्यांचे दोन भाऊ उतरले.  एकाने टाय धरला, एकाने पाय, आणि बॅगेसकट मला मागे टाकलं. भर दुपारी, रिक्षावाल्यांच्या देखत. एका रिक्षावाल्याने विचारलं, काय झालं. भाऊ म्हणाला, घरचंच आहे. मग तो परत रिक्षात जाऊन बसला.

कृष्णेच्या काठावर, घाटापासून लांब, जिथे म्हशी उतरतात तिथे जीप थांबली. दाजींनी मला, हातातल्या बॅगेसकट, कमरेइतक्या पाण्यात नेलं. मानेमागे हात घातला. बकरं धुताना असाच हात घालतात.

"उठीव स्टे."

"उठवतो, दाजी."

डोकं पाण्याखाली गेलं. तिथलं पाणी गाळाचं, म्हशींच्या मुताचं. नाकात शिरलं की मेंदूपर्यंत पेटत जातं. वर काढलं. "कवा?" "लवकरच." परत खाली. मी पाय झाडले, त्यांच्या मांडीला बोचकारलं, त्यांनी गुडघा माझ्या पाठीत दिला. कानातली जुनी जखम परत फुटली हे पाण्याखालीसुद्धा कळलं. वर आलो की मी आश्वासन द्यायचो, आणि आश्वासन दिलं की खाली जायचो. एवढं सरळ गणित मला कळायला फार वेळ लागला. माणसाला मरताना खरं सुचतं म्हणतात. मला मरतानाही कंपनीचीच वाक्यं सुचत होती. शेवटी छातीत हवा उरली नाही, तेव्हा शिकलेली भाषा गळून गेली आणि रानातली वर आली.

"दाजी, माज्या हातात काय न्हाई वो. म्या स्टे बगितला बी न्हाई. आमी म्हंजे मी न्हाई. मला कोन बी इचारत न्हाई."

मानेवरचा हात सैल झाला. मी खोकत, ओकत उभा राहिलो. मला वाटलं आता ते मला मारूनच टाकतील. पण दाजी माझ्याकडे बघतच नव्हते. ते पलीकडच्या काठाकडे बघत होते. तिथे कुणी नव्हतं.

"मग कुनाला धरू रं मी?"

एवढंच म्हणाले. हवालदार माणूस, त्याला आयुष्यभर समोर कोण आहे ते सांगितलं गेलं होतं. दिल्लीतलं कोर्ट त्यांना धरता येत नव्हतं. परदेशातली कंपनी, जिच्या गावाचं नाव मलाही नीट उच्चारता येत नाही, तीही धरता येत नव्हती. मी होतो तोवर निदान एक मान हातात होती. आता तीही गेली. त्यांनी मूठ वळली आणि पाण्यावर मारली. परत मारली. पाणी फुटायचं आणि जुळायचं. भावांनी त्यांना धरून बाहेर आणलं. माझी बॅग तोवर कर्नाटकाच्या दिशेला लागली होती.

काठावर बसून मी त्यांना खरं सांगितलं, पहिल्यांदाच: पेटंट संपायला थोडेच दिवस राहिलेत, नंतर कंपनी दुसरा बांध घालायला बघेल, कोर्टाने तो घालू दिला नाही तर औषध येईल, घालू दिला तर मला माहीत नाही. दाजींनी सगळं ऐकलं. मग उठून जीपमध्ये बसले. मला तिथेच सोडून गेले. ओल्या टायने, एका बुटाने मी बसस्टँडपर्यंत चालत गेलो, आणि कंडक्टरने मला बसू दिलं नाही.

स्टे शेवटी कुणीच उठवला नाही. पेटंटच म्हातारं होऊन मेलं, आणि स्टे त्याच्यासोबत सती गेला. कंपनीने दुसऱ्या पेटंटावर धाव घेतली, कोर्टाने या खेपेला नाही म्हटलं. आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर साहेबांनी 'सर्वांनी शांत राहावे' असं लिहिलं. मी एकटाच शांत नव्हतो. त्याच ग्रुपवर आम्हाला नवं वाक्य पाठ करायला दिलं: बायोसिमिलर तंतोतंत सारखं नसतं, डॉक्टरांना याची आठवण करून द्यावी.

माल सांगलीत आला आणि डॉक्टरांनी आक्काला लगेच बोलावलं. मी रजा टाकून गेलो. इस्पितळाच्या जिन्यात दाजींनी मला विचारलं, की हे औषध आधीच्यासारखंच आहे ना. 'होय' ही दोन अक्षरं पुरली असती. मी म्हणालो, "तसं तंतोतंत सारखं नसतं, दाजी." वाक्य पाठ झालं होतं, आपोआप आलं. वर शहाणपणा म्हणून जोडलं, की एका मेंढीच्या दोन कोकरांत जसा फरक असतो तसा. दाजी म्हणाले, एका मेंढीच्या दोन कोकरांतलं एक बऱ्याच वेळा मरतं. मग आम्ही दोघे वर गेलो.

खंड पडल्यामुळे पहिल्यासारखाच मोठा डोस द्यायचा होता. पिशवी टांगली, नळी जोडली. थोडा वेळ सगळं ठीक. मग आक्काचे दात वाजायला लागले. आधी दात, मग खांदे, मग सगळी खाट. लोखंडी खाट फरशीवर खडखडत सरकायला लागली. ओठ निळे पडले. मी सिस्टरना हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक बाहेर आली नाही, कारण दाजींचे दोन्ही अंगठे माझ्या गळ्यावर होते. मला भिंतीला लावून वर उचललं होतं. "डुप्लिकेट हाय," ते म्हणत होते, हळू, माझ्या तोंडात तोंड घालून. "तुला म्हाईत व्हतं." डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. सिस्टर त्यांच्या पाठीवर ट्रे मारत होती, आणि मला नीट दिसलेली शेवटची गोष्ट म्हणजे त्या ट्रेला आलेला पोचा.

डॉक्टर धावत आले. त्यांनी दाजींकडे बघितलंसुद्धा नाही. नळी बंद केली, दंडात दुसरी सुई दिली, पांघरूण मागवलं. म्हणाले, पहिल्या मोठ्या डोसला असं होतं. थोडं थांबून हळू सुरू करू.

खाटेवरून आक्काचा आवाज आला. दात वाजत होते, त्यामुळे प्रत्येक शब्द तुकड्या तुकड्यांत. "आवं, त्याला सोडा आन् मला पांघरून घाला. त्या म्हागाच्या औषदाला बी अशीच थंडी वाजली व्हती. तवा तुमी भाईर तंबाखू मळत व्हता."

दाजींनी मला सोडलं. मी भिंतीवरून घसरत खाली आलो. त्यांनी आपल्या अंगातला कोट काढला, आक्काच्या पायांवर घातला, आणि दोन्ही पावलं कोटावरून अशी धरली, जणू ती सोडून जातील. खाट हळूहळू थांबली. नळी परत सुरू झाली, या वेळी थेंब मोजत. चुकलेल्या पाळ्यांनी आत काय करून ठेवलंय ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. ते पुढच्या तपासणीत दिसणार होतं. आज दिसत होतं ते एवढंच, की पिशवी रिकामी होत होती आणि आक्का घोरत होती.

निघताना सिस्टरने पुढची तारीख सांगितली. दाजींनी ती दोनदा विचारून घेतली. मग माझ्याकडे वळले. माझ्या गळ्यावर त्यांच्या अंगठ्यांचे डाग उठले होते. त्यांनी ते बघितले, आणि त्यांना वाईट वाटलं असं मला वाटलं.

"पुढल्या सुईला तुमी येऊ नगा, पावनं," ते म्हणाले. "तुमी आला की हिला थंडी वाजती."

पुढच्या सुईला मी गेलोच. खाटेच्या उशालाच बसलो, सुई संपेपर्यंत. डोक्यावरचं हेल्मेट तेवढं काढलं नाही.